गुरुजींची खुंटी

गुरुजींच्या घरी जेवायला गेलं की निघताना आपला अपमान होणार, हे अबुधाबीतल्या आम्हा मराठी मंडळींना चांगलंच माहीत होतं. नवीन आलेल्यांना मात्र ते आधी सांगून ठेवावं लागे. जेवणात काही उणं नसायचं. स्वतः रांधायचे, स्वतः उभे राहून आग्रह करकरून वाढायचे. निघताना दारापर्यंत यायचे, तिथून जिन्यापर्यंत, तिथून खाली गाडीपर्यंत. "पोचलात की फोन करा हं," असं दोनदा बजावायचे. आणि गाडी सुरू झाली रे झाली की चक्क पाठ फिरवून बिल्डिंगच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आपण मागच्या काचेतून हात हलवतोय आणि हे गृहस्थ शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंत न्याहाळताहेत.

माझ्या सासूबाई महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या, तेव्हा त्यांना मी हे सांगायला विसरले. गाडी सिग्नलला थांबली तशी त्या माझ्याकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "काय गं, माझं काही चुकलं का? खीर उरवली म्हणून रागावले का ते?"

"नाही हो आई. त्यांना चक्कर येते."

"निरोप देताना?"

"हलणारं काही बघितलं की. कानाचं दुखणं आहे."

सासूबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग संसार कसा केला गं यांनी?"

संसार त्यांचा सांगलीत होता. काकू मुलीच्या शिक्षणासाठी तिकडे राहिलेल्या, आणि गुरुजी वर्षानुवर्षं अबुधाबीत एकटे. 'गुरुजी' ही पदवीसुद्धा लोकांनी दिलेली. पोटासाठी ते इंजिनिअर होते, पाण्याच्या टाक्या आणि पाइपलाइनींचे. मी त्याच ऑफिसात ड्रॉइंगं काढायचे, आधी बोर्डावर आणि पुढे कॉम्प्युटरवर. पण त्यांचे वडील सांगलीत भिक्षुकी करायचे, त्यामुळे सगळ्या पूजा यांना तोंडपाठ. नव्वदीच्या त्या काळात अबुधाबीत भटजी कुठून आणायचा? गणपती असो, सत्यनारायण असो, लोक गुरुजींना न्यायला गाडी पाठवायचे. भाड्याच्या फ्लॅटची वास्तुशांत करून घेणारेही होते. गुरुजी एक नारळ घ्यायचे आणि यजमानांना सोवळ्या-ओवळ्यावरून भरपूर बोलून घ्यायचे.

गाडी पाठवावी लागायची, कारण चक्करीचं सुरू झाल्यापासून त्यांनी स्वतः गाडी चालवणं सोडलं होतं. ही पहिली चक्कर आली ती शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी. अंथरुणात कूस बदलली आणि खोली गरगर फिरायला लागली. गुरुजींना वाटलं भूकंप झाला. ते पायजम्यावर, भिंत धरत, शेवटच्या काही पायऱ्या तर बसत बसत खाली उतरले आणि ओरडले, "सब लोग बाहर निकलो!" खाली पठाण वॉचमन खुर्चीवर बसून चहा पीत होता. कपातला चहासुद्धा हलत नव्हता. तो म्हणाला, "जलजला? किधर है जलजला? बाबूजी, तुम्हारा खोपडी हिलता है." गुरुजी नंतर म्हणायचे की एवढ्या डॉक्टरांमध्ये अचूक निदान पहिलं त्या वॉचमनचं.

मग इजिप्शियन डॉक्टर झाला. त्याने तपासण्या करून सांगितलं की कानाच्या अगदी आत पाणी असतं, त्याचा दाब मधूनच वाढतो, मग कान बंद झाल्यासारखा होतो, आत शिट्टी वाजते आणि जग फिरायला लागतं. पूर्ण बरं होईलच असं नाही, पण सांभाळून राहता येईल. "नो सॉल्ट, नो कॉफी, नो टेन्शन, खलास!" असं म्हणून त्याने टेबलावर हात आपटला. दुसऱ्या कुणाला हे ऐकून घाबरायला झालं असतं. गुरुजी उलट खूश होऊन आले. पाणी, दाब, पातळी! म्हणजे दुखणं त्यांच्याच खात्यातलं निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला आपल्या कानाचा नकाशा काढून मला समजावला, आणि त्यात दोन ठिकाणी व्हॉल्व्ह कमी आहेत असा शेराही मारला.

या चक्करीला ते 'पाहुणी' म्हणत. मीटिंगमध्ये बोलता बोलता मध्येच थांबायचे, हात वर करायचे आणि म्हणायचे, "जरा थांबा, पाहुणी येतेय." पाहुणी दारातून डोकावून परत जाणार की मुक्कामाला राहणार, हे कळेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. मुक्कामाला राहिली तर दिवसभर अंधाऱ्या खोलीत बादली उशाशी घेऊन पडून राहणं आलं. ते हाल मी एकदा पाहिले होते, त्यामुळे त्यांच्या विक्षिप्तपणाला मी कितीही हसले तरी पाहुणीला कधी हसले नाही.

तिला परतवायचा त्यांचा एक हुकमी उपाय होता. एखादी पक्की, न हलणारी वस्तू निवडायची आणि नजर तिच्यावर रोवायची. त्या वस्तूला ते 'खुंटी' म्हणत. "अगं, गाय दावं तोडून पळते कारण खुंटी कच्ची असते. नजरेचंही तसंच." कुठल्याही खोलीत शिरले की माणसांना नमस्कार करण्याआधी ते खुंटी शोधायचे. आमच्या घरी ती म्हणजे एसीच्या बटणाशेजारचा स्क्रू. कॅलेंडर चालायचं नाही, पानं फडफडतात. घड्याळ तर नाहीच. आणि माणसाला कधीच खुंटी करायचं नाही, हा पक्का नियम. "माणूस हलतो. कितीही भला असला तरी हलतो."

ऑफिसात त्यांची खुंटी होती आमच्या मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, खुर्चीमागे टांगलेलं आग विझवायचं लाल नळकांडं. मुदीर पॅलेस्टिनी होता, भला माणूस, पण नवीन होता. गुरुजी त्याच्याशी तासन् तास बोलायचे ते त्याच्या खांद्यावरून मागे बघत. काही दिवसांनी तो अस्वस्थ झाला. एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "व्हाय ही ऑल्वेज लुक्स देअर? इज इट एक्स्पायर्ड?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आत त्याने माणूस बोलावून ते नळकांडं तपासायला पाठवूनही दिलं. त्या आठवड्यात भिंत मोकळी, आणि गुरुजी मुदीरच्या केबिनमध्ये पाऊल टाकायला तयार नाहीत. एका पाइपलाइनीची मंजुरी तेवढ्यावर अडकली.

पण गुरुजींची खरी ख्याती झाली ती फिरत्या हॉटेलातल्या पार्टीने. मोठं काम पुरं झालं म्हणून कंपनीने सगळ्यांना समुद्राकाठच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. वरच्या मजल्यावर गोल रेस्टॉरंट, खिडक्यांकडचं टेबलांचं कडं हळूहळू फिरतं आणि बसल्या जागी सगळं शहर दिसतं. बाकीचे खूश. गुरुजी लिफ्टमधून बाहेर पडले, त्यांनी जमिनीवरची ती फट बघितली, जिच्या अलीकडे जग स्थिर आणि पलीकडे फिरतं, आणि जागीच थांबले.

"गुरुजी, या ना," मी म्हटलं.

"तुम्ही जा फिरायला. मी इथेच बसतो."

मधला भाग न फिरणारा होता, जिथून वाढपी ये-जा करतात. तिथल्या खांबाशी त्यांनी खुर्ची मागवली, खांबावरच्या पितळी हुकाला खुंटी केलं, आमच्याकडे पाठ केली आणि ताट मांडीवर घेऊन बसले. आता आमची टेबलं गुरुजींच्या मागून एकेक करून सावकाश जाऊ लागली. जो तो आवाज द्यायचा आणि ते मान न वळवता उत्तर द्यायचे. मी जवळ आले तेव्हा म्हणाले, "कोण, पोरी तू का? ते सूप घेऊ नकोस, खारट आहे. मी चमचाभर घेऊन ठेवून दिलं." एवढ्यात माझं टेबल पुढे सरकलं. मुदीरने एका फेरीत पंपाबद्दल प्रश्न विचारला आणि पुढच्या फेरीत त्याला उत्तर मिळालं. कंपनीचा बडा मालक जवळून गेला तेव्हा त्याला कळेना की हा माणूस खांबाशी का बोलतोय. कुणीतरी त्याला सांगितलं, "ही इज अ प्रीस्ट ऑल्सो." मालकाने आदराने मान डोलावली, आणि पुढच्या वेळी मागून जाताना छातीवर हात ठेवून सलाम केला.

पूजेतही एक अडचण होती. आरती संपली की आपल्याकडे सगळे जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतात. सगळ्या खोलीने एकदम गिरकी घेतली की गुरुजींचे डोळे पांढरे व्हायचे. मग त्यांनी नियम काढला. आरती संपली की ते डोळे घट्ट मिटून, देव्हाऱ्याला एका हाताने धरून उभे राहत आणि जाहीर करत, "यजमानांनी फिरावं. गुरुजी उभे आहेत. फिरून झालं की सांगा." फिरून झाल्यावर कुणीतरी "झालं, गुरुजी" म्हणायचं, मग मंत्रपुष्पांजली. आमच्याकडची मुलं इतकी तयार झाली होती की ती सगळ्यांच्या आधी ओरडायची, "गुरुजी, यू कॅन ओपन नाऊ!"

आता पाहुणी येते कशाने, हा प्रश्न. यावर गुरुजींचं संशोधन अखंड चालू असायचं. आधी त्यांचा संशय एसीवर होता. मग लिफ्टवर, म्हणून ते पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मग रेघारेघांच्या चादरींवर. मग खजुरावर. काही महिने तर माझ्या एका जांभळ्या ओढणीवर होता, ती मी घेतली की पाहुणी येते असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, आणि मीही ती ओढणी मैत्रिणीला देऊन टाकली. शेवटी ते चंद्रापाशी येऊन थांबले. पाहुणी बहुतेक वेळा संकष्टीच्या नाहीतर एकादशीच्या दुसऱ्या दिवशी येते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. झालं! कानात पाणी, समुद्रात पाणी, आणि समुद्राला भरती कशाने येते?

"पण गुरुजी, मोठी भरती पौर्णिमा-अमावस्येला असते," माझ्या नवऱ्याने शंका काढली. तो बँकेत होता आणि त्याला शंका काढायची सवय होती. "चतुर्थी आणि एकादशीला नसते."

"बरोबर. माझी पाहुणी भरतीला येत नाही. भरती उलटताना येते. नाहीतर चढताना येते."

"म्हणजे कधीही येते."

"तुम्ही बँकवाले," गुरुजी म्हणाले, "तुम्हाला पाण्यातलं काय कळतं?"

संध्याकाळी ते कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, जाऊन पाण्याची पातळी बघून यायचे. बघायचे म्हणजे लाटांकडे नाही, काठाच्या दगडावरच्या ओल्या रेघेकडे. रेघ वर गेली की चेहरा उतरायचा.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर सांगलीहून मुलीचं लग्न ठरल्याची बातमी आली. गुरुजींनी ऑफिसभर पेढे वाटले. मुदीरने "मबरूक, मबरूक" म्हणत त्यांना मिठी मारली आणि गुरुजींनी त्याच्या खांद्यावरून लाल नळकांड्याकडे बघत डोळे पुसले. लग्न डिसेंबरातलं. मीही तेव्हा सुट्टीवर माहेरी कोल्हापूरला असणार होते, म्हणजे सांगली हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, "चला, तुम्हाला कन्यादान करताना बघायला मिळणार."

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दादा बसणार आहे कन्यादानाला. माझा थोरला भाऊ आणि वहिनी. ठरलंय तसं."

"आणि तुम्ही?"

"मी मागे असेन. मंडपाच्या डाव्या बाजूला एक खांब आहे, कार्यालय आमच्या ओळखीचं आहे. त्याला टेकून उभा राहीन."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी सांगितलं. मागच्या सुट्टीत पुतण्याच्या मुंजीत त्यांना भर मांडवात चक्कर आली होती. भिंत धरत धरत ते खोलीकडे निघाले, तर लोक बाजूला होऊन बघायला लागले. एक लांबचे मेहुणे मदतीला म्हणून आले, खांद्याला धरलं आणि तेवढ्यात तोंडाचा वास घेतला. "काही सापडलं नाही म्हणून बिचारा हिरमुसला गं," गुरुजी म्हणाले. ते हसले, मी काही हसले नाही. "आमच्याकडे आखातातला माणूस म्हणजे दुबईवाला, आणि दुबईवाला म्हणजे ऐश करणारा. आता उद्या मुलीच्या हातावर पाणी सोडताना मी कोसळलो तर? मुलाकडचे काय म्हणतील? सासरा पिऊन बसला होता, नाहीतर घराण्यात फेफरं आहे. दोन्हीतलं काहीही म्हटलं तरी पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"मुलीला सांगितलंत हे?"

"लग्नाच्या तोंडावर तिला कशाला सांगायचं? मुहूर्ताच्या वेळी बघेल आणि समजेल."

मला फार राग आला. एकुलती एक मुलगी, सगळं आयुष्य तिला वर्षातून एकदा महिनाभर भेटायचं आणि शेवटी तिच्या लग्नात खांबाला टेकून उभं राहायचं! मी म्हटलं, "गुरुजी, अबुधाबीतल्या निम्म्या लोकांचे गणपती तुम्ही बसवता आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी दादा?" त्यांनी कप उचलला आणि भिंतीकडे तोंड करून उरलेला चहा प्यायले.

त्यानंतरच्याच संकष्टीला ती गोष्ट घडली. सासूबाई जाताना माझ्या गळ्यात संकष्टीचं व्रत घालून गेल्या होत्या, म्हणून उपास मलाही होता आणि गुरुजींना तर असायचाच. दुपारी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याच्या तळलेल्या सळ्या, कोपऱ्यात उपासाचं लिंबाचं लोणचं. मी घास घेतला.

"गुरुजी, मीठ किती घातलंय!"

"शिव शिव. मीठ डॉक्टरने बंद केलंय. आमच्या घरात मीठ औषधालासुद्धा नाही."

"मग हे खारट कशाने लागतंय?"

"सैंधव आहे ते."

"सैंधव म्हणजे मीठच ना?"

गुरुजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अगं, उपासाला मीठ चालत नाही. सैंधव चालतं. म्हणजे सैंधव हे मीठ नव्हे. साधी गोष्ट आहे."

"रोजच्या स्वयंपाकातही हेच घालता?"

"रोज बेताने. उपासाच्या दिवशी जरा सढळ हाताने. दिवसभर माणूस उपाशी, तोंडाला चव नको?"

"आणि लोणचं?"

"लोणच्याचं काय? मीठ म्हणजे ताटात वाढतात ते. लोणचं म्हणजे लोणचं."

दुसऱ्या दिवशी गुरुजी ऑफिसला आले नाहीत. पाहुणी आली होती, मुक्कामाला. मी टेबलाशी बसून त्यांचा रिकामा कोपरा बघत होते आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. चतुर्थी, एकादशी, खिचडी, सळ्या, लोणचं. चंद्र बिचारा उगाच बदनाम झाला होता.

त्या इजिप्शियन डॉक्टरला तरी ते कसं कळावं? त्याच्या देशात मिठाचे असे दोन पंथ नसावेत. गुरुजी उठून बसायला लागल्यावर मी आणि माझा नवरा त्यांना त्याच्याकडे घेऊन गेलो, बरोबर सैंधवाची बरणी. डॉक्टरने झाकण उघडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मोठे केले.

"हबीबी, धिस इज सॉल्ट!"

"बट डॉक्टर," गुरुजी कळवळून म्हणाले, "इट इज अलाउड इन फास्ट."

"इन युवर फास्ट, ओके. इन युवर इअर, नो."

पण तो माणूस प्रामाणिक होता. मी आनंदाने उड्या मारायच्या बेतात होते, तेवढ्यात त्याने बोट वर केलं. कदाचित मीठ असेल. कदाचित काळजी. कधी कधी तर काहीच कारण नसतं. कमी होईल, बहुतेक. पण पुन्हा येणारच नाही अशी हमी कोणी देणार नाही. "इन्शाल्ला," तो म्हणाला आणि बरणी स्वतःच्या कपाटात ठेवून घेतली.

गुरुजींना वाईट कशाचं वाटलं असेल, तर चंद्र गेल्याचं. गाडीत बसल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "इतकं साधं? मीठ?" त्या दिवसापासून लोणचं गेलं, पापड गेले, सैंधव गेलं. उपासाला केळं आणि दूध. त्यांच्याकडचं जेवण इतकं बेचव झालं की लोक निमंत्रण चुकवायला लागले, पण पाहुणीचं येणंही कमी झालं. एक संकष्टी सुकी गेली, मग एक एकादशी. मग एकदा ऐन एकादशीच्या आधीच, काही खारट पोटात नसताना, ती येऊन गेली. म्हणजे हमी खरंच नव्हती. मी कन्यादानाचा विषय काढला की गुरुजी म्हणायचे, "दादाने धोतरजोडी घेतलीय."

लग्नाच्या दिवशी मी कोल्हापूरहून सकाळीच पोचले. कार्यालयात शिरले ती आधी डावीकडचा खांब शोधायला. खांब होता, त्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या, पण गुरुजी तिथे नव्हते. ते आतल्या खोलीत काकूंशेजारी पाटावर बसले होते, नवं कोरं धोतर-उपरणं नेसून. पलीकडे त्यांचे दादा, तेही तसेच नटलेले. दोघांत कोण बसणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तेवढ्यात दादांच्या पत्नी उपासाचं ताट घेऊन आल्या. आपल्याकडे कन्यादान करणाऱ्याने ते होईपर्यंत जेवायचं नसतं. ताटात खिचडी, पांढऱ्याशुभ्र सळ्या आणि लिंबाचं लोणचं.

"भावजी, घ्या थोडं," त्या म्हणाल्या. "तुम्हीही सकाळपासून काही खाल्लं नाहीत म्हणे."

गुरुजींनी ताटाकडे पाहिलं. ज्या प्रेमाने पाहिलं ते मी विसरणार नाही. मग ताट बाजूला सारलं. "मला एक केळं आणि कपभर दूध आणा, वहिनी. उपास मलाही आहे."

दादांच्या लक्षात सगळ्यांच्या आधी आलं. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे तू बसणार? अरे, मग मी पहाटेपासून कशाला उपाशी मरतोय?" आणि ती खिचडी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. काकू पदराआड हसत होत्या, रडतही होत्या.

मंडपात मात्र माझा जीव टांगणीला लागला. तिथे खुंटीला काही जागाच नव्हती. पंखे गरगरत होते, माळा हलत होत्या, माणसं तर सारखी उठबस करत होती. उदबत्त्यांचा धूर, व्हिडिओवाल्याचा झगझगीत दिवा. गुरुजी पाटावर बसले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे नजर फिरवली. छत, खांब, समई. कुठेच ठरेना. त्यांचा हात काकूंच्या मनगटावर घट्ट आवळला गेलेला मला दिसला. मग त्यांची नजर समोर मुलीच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

मुलगी हलत नव्हती. कपाळावर मुंडावळ्या, नाकावर घामाचा थेंब, समोरून धूर येतोय, पण मान अशी धरलेली की पापणीसुद्धा लवू नये. करवल्या कानात काही कुजबुजल्या तरी ती वळली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाकडच्या एक आत्या म्हणाल्या, "मुलगी फारच गंभीर आहे हो." मी म्हटलं, "हो, वडिलांवर गेलीय." काकूंनी तिला केव्हातरी सगळं सांगितलं होतं, एवढं मला त्या क्षणी समजलं. गुरुजींनी पाणी सोडलं. धार मोडली नाही. मंत्र भटजींच्या जोडीने त्यांनी स्वतःही म्हटले, आणि भटजींची एक चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली. तेव्हा मला धीर आला.

पाहुणी त्या दिवशी आली नाही. मिठामुळे, केळ्यामुळे की आणखी कशामुळे, ते तो डॉक्टरही सांगू शकला नसता.

संध्याकाळी पाठवणी झाली. मुलगी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, वडिलांच्या गळ्यात पडून सर्वात जास्त. फुलांनी मढवलेली गाडी कार्यालयाच्या दारात उभी होती. ती आत बसली, दार लागलं, इंजिन सुरू झालं. मी सवयीने गुरुजींचं कोपर धरलं आणि त्यांना मागे वळवायला लागले, तर ते वळेनात. गाडी हलली. मागच्या काचेतून मुलीचा हात दिसत होता आणि गुरुजी सरळ तिकडेच बघत उभे. त्यांचं अंग डोलतंय असं मला वाटलं.

"गुरुजी, गाडी हलतेय," मी घाईने म्हटलं. "मागे फिरा. भिंतीकडे बघा."

"बघतो गं नंतर," ते म्हणाले. "भिंत कुठे जातेय?"